तुरटी वाढवली तरी पाणी निवळेना

मी फिल्टर प्लांटवर केमिस्ट आहे. मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रभर वर धो धो पाऊस झाला होता, सकाळी साडेआठला पोचले तर कच्च्या पाण्याचा गढूळपणा 60 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), आणि क्लॅरिफायरमधून, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीतून, फिल्टरवर जाणारं पाणीसुद्धा 25 च्या वरच! रात्रपाळीचे काका रडकुंडीला आलेले. "मॅडम, दर तासाला डोस वाढवतोय, लिटरला 70 मिलिग्रॅमपर्यंत नेला, तरी निवळतच नाही हो."

लगेच जार टेस्ट लावली, म्हणजे वेगवेगळे डोस बीकरमध्ये करून बघायचे. सहा बीकर, तुरटी 20 पासून 70 पर्यंत, एक मिनिट जोरात ढवळायचं, मग वीस मिनिटं हळूहळू. 40 च्या बीकरमध्ये भिजवलेल्या रव्यासारखे फ्लॉक (गाळाचे पुंजके) धरले आणि पॅडल थांबल्यावर भराभर खाली बसले, वरचं पाणी नितळ. 70 चा बीकर मात्र ताकाच्या निवळीसारखा पांढुरका, अर्ध्या तासाने पण तस्साच. त्याचा पीएच बघितला तर 5.5, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालेलं.

मग उलगडा झाला. मातीचे बारीक कण पाण्यात ऋणभारित असतात, एकमेकांना ढकलत राहतात म्हणून तळाशी बसत नाहीत. तुरटीतून येणारं धनभारित ॲल्युमिनियम त्यांना चिकटून तो भार मारतं, मग कण एकत्र येतात. पण पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारायची ताकद) पातळ झाली होती, त्यात तुरटी स्वतःच अल्कलिनिटी खाते (1 मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम), त्यामुळे पीएच घसरला आणि ॲल्युमिनियम इतकं चिकटलं की ऋण कणच धन झाले. परत सगळे सारख्याच भाराचे, परत ढकलाढकली! काका जेवढी तुरटी घालत होते तेवढे कण आणखी लांब पळत होते. पुस्तकात वाचलेलं होतं मी हे, पण बीकरमध्ये डोळ्यासमोर बघताना अंगावर काटा आला, कारण हेच पाणी थोड्या वेळाने हजारो घरांच्या नळाला जाणार होतं.

डोस 40 वर आणला, पीएच वर आणायला थोडा चुना सुरू केला, फिल्टर बॅकवॉशला (उलटं पाणी सोडून धुवायला) घेतले. क्लॅरिफायरमधलं जुनं पाणी निघून जायला अडीच-तीन तास लागतात, तेवढा वेळ जीव टांगणीला. दीडच्या सुमाराला फिल्टरचं पाणी 0.8 एनटीयू आलं. काकांची ड्युटी केव्हाच संपली होती पण ते घरी गेलेच नव्हते, 40 चा आणि 70 चा, दोन्ही बीकर खिडकीत उजेडाला धरून बघत उभे होते.