गुरुवार, पण कोणता?

लिलावाला आलेलं जुनं टपाल तपासून त्याची नोंद लिहिणं हे माझं काम. गेल्या महिन्यात गुहागरकडच्या एक ताई जुन्या टपालाने भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन फोर्टातल्या आमच्या ऑफिसात आल्या. त्यांचे वडील १९७१ साली आयएनएस राजपूतवर नाविक होते.

वरची दोन पाकिटं लगेच बाजूला झाली. एकावर ‘एचएमएस रॉदरहॅम, १९४४’ अशी ठसठशीत मोहर. राजपूतचं ब्रिटिश नौदलातलं मूळ नाव तेच. १९४२ मध्ये क्लाइडबँकला पाण्यात उतरलेली ही विनाशिका भारताने १९४९ मध्ये घेतली. पण जहाज कुठे आहे हे टपालावरून कळू नये म्हणून दुसऱ्या महायुद्धात बिननावाचे शिक्के मारत. ही मोहर नंतर कुणीतरी उठवलेली. दुसऱ्या पाकिटावर डी-५१ क्रमांकाची राजपूत. ती १९८० साली सोव्हिएत संघाकडून आलेली वेगळीच नौका. १९७१च्या युद्धातली राजपूत डी-१४१, आणि ती १९७६ मध्येच निवृत्त झाली. विक्रेते डी-५१चं पाकीट ‘पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडवणारी राजपूत’ म्हणून सर्रास खपवतात. फसतात ती नाविकांचीच घरं. याचा मला मनापासून राग येतो.

तळाशी एक इनलँड, म्हणजे घडी घालून चिकटवायचं टपालपत्र होतं. ‘आईचं दुखणं कसं आहे ते लगेच कळवा.’

“हे नौदलाने बाबांकडून मुद्दाम लिहून घेतलेलं,” ताई म्हणाल्या. “शत्रूला फसवायला.”

गोष्टीला आधार आहे. विक्रांत ही आपली विमानवाहू नौका तेव्हा अंदमानात होती. ती विशाखापट्टणमजवळ आहे असं गाझी पाणबुडीला वाटावं म्हणून राजपूतने विक्रांत असल्याचं सोंग घेऊन भरपूर संदेश पाठवले. त्यातच विक्रांतवरचा एक नाविक आजारी आईची चौकशी करतोय, असा खासगी तारेसारखा मजकूरही उघड पाठवला गेला. तेव्हा पूर्वेकडच्या नौदलाचे प्रमुख असलेल्या व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. पण तो मजकूर शत्रूच्या कानावर पडावा म्हणून होता. चिकटवलेलं इनलँड कोण ऐकणार? मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आजी खरंच आजारी होती.”

घरात पन्नास वर्षं उलटं सांगितलं जात होतं. मी जरा थांबून, त्यांना आधी विचारून बोलायला हवं होतं.

पत्रावर तारीख नाही, नुसतं ‘गुरुवार’. विशाखापट्टणमची मोहर घडीवर फाटलेली, आणि तिच्यावर कुणीतरी मायेने सेलोटेप लावलेली. जुन्या कागदाचं सेलोटेपइतकं वाटोळं वाळवीही करत नाही. वाट दाखवली ती तिकिटाने. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैसे जादा पडत. आधी जुन्याच तिकिटांवर अक्षरं छापून भागवलं. निर्वासित कुटुंबाचं चित्र असलेलं तिकीट १ डिसेंबरला निघालं. या इनलँडवर तेच आहे. म्हणजे गुरुवार २ डिसेंबर, नाहीतर ९. सोळा तारखेचं असतं, तर गावी पोचायला वीस तारीख उजाडली असती, आणि पत्र पोचल्यावर गावच्या टपाल कचेरीने मागे मारलेल्या मोहरेत २ चा आकडा दिसला असता. तो तिथे नाही.

गाझी बुडाली ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री. राजपूतने दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले होते. गाझी त्यांनीच बुडाली की स्वतःच्या पोटातल्या स्फोटाने, हा वाद अजून मिटलेला नाही. पत्र २ तारखेचं असेल, तर हे सगळं घडायचं होतं. ९ चं असेल, तर एवढं होऊन गेल्यावर त्या माणसाने त्याबद्दल एक अक्षरही न लिहिता फक्त आईची चौकशी केली.

सहकारी म्हणाला, “‘आदल्या दिवशीचं पत्र’ असं लिही, किंमत तिप्पट होईल.” अशीच वाक्यं पुढे इतिहास म्हणून फिरतात. मी ‘डिसेंबर १९७१, गुरुवार’ एवढंच लिहिलं. ताईंनी शेवटी पत्र विकलंच नाही, डब्यात घालून परत नेलं.

स्कॅन माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला गावची ती पोच-मोहर. महिना आणि साल स्वच्छ, दिवसाच्या जागी नुसती एक तिरपी रेघ. ती ७ ची असेल, तर पत्र २ तारखेचं. ती १ असून पुढचा आकडा उठलाच नसेल, तर ९ चं. काल रात्रीही मी ती रेघ मोठी करून पाहत होतो. वरच्या टोकाला शाईचा एक ठिपका आहे. तो मोहरेचा आहे की सेलोटेपचा डाग, ते ठरत नाही.