रोलेक्स छापील किमतीत घ्यायला गेलो, त्याचा अनुभव

खात्यात पांढरे पैसे आहेत, पॅनकार्ड खिशात आहे, आणि तरी दुकानदार माल विकायला तयार नाही, हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. गिऱ्हाईक आलं की आधी चहा सांगायचा आणि मग भाव करायचा, एवढंच आम्हाला येतं. त्यामुळे मला वाटलेलं की अवघड काय असेल तर पैसे जमवणं. ते जमले, व्हीएमसी मशीनचं लोन फिटलं आणि बायको पण म्हणाली, "घ्या बाबा एकदाचं, रोज मोबाईलवर बघत बसण्यापेक्षा." खरी भानगड तिथून पुढं सुरू झाली.

घड्याळ कुठलं ते सांगतो. रोलेक्स सबमरीनर, काळी डायल, तारखेचा खाना नसलेलं, २०२० ला ४१ मिमीचं आलं ते. मूळ मॉडेल १९५३ चं. ३०० मीटर पाण्यात चालतं म्हणे, माझं पोहणं कळंबा तलावापुरतं, तो भाग वेगळा. मला वेड लागलं ते त्याच्या स्टीलमुळं. ९०४ एल. केमिकल प्लांटमध्ये वापरतात ते. आम्ही एकदा पंपाच्या पार्टचं जॉबवर्क घेतलं होतं त्यात हे मटेरियल आलेलं, इतकं चिवट की इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टोकं, खाऊन खाऊन वैताग आणला, ऑपरेटर शिव्या घालत होता. आणि हे लोक त्याच स्टीलच्या पट्ट्याच्या एवढ्याएवढ्या कड्या करून त्याला असलं फिनिश देतात! ज्यानं कधी लेथ चालवलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय ते.

कोल्हापुरात हे मिळत नाही, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. पहिल्या दुकानाचं नाव सांगत नाही, उगं कुणाशी वैर नको. काचेचं दार, दारात सिक्युरिटी, आत एसी असा की घाम जागेवर थिजला. दार उघडणाऱ्या पोरानं आधी माझ्या पायाकडं बघितलं. पायात कापशी चप्पल होती. (पुढं २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर आमच्या चपलेसारखीच चप्पल चालवली आणि सगळीकडं बोंबाबोंब झाली, तेव्हा मला हाच पोरगा आठवला.) शोकेसमध्ये सबमरीनर होतं! मी खूश. जवळ जाऊन बघतो तर बाजूला छोटी पाटी, फक्त प्रदर्शनासाठी. म्हणजे हातात घाला, आरशात बघा, फोटो काढा, आणि काढून परत द्या.

तोच पोरगा म्हणाला, "सर, सध्या अव्हेलेबल नाही. तुमचा इंटरेस्ट रजिस्टर करून ठेवतो."

मी विचारलं किती दिवस लागतील. सांगता येत नाही सर. माझ्या आधी किती लोक आहेत? ते आम्ही शेअर करत नाही सर. ॲडव्हान्स देऊ का? ॲडव्हान्स घेत नाही सर. बरं मग माझा नंबर कितवा? नंबर असा नसतो सर.

इथं माझी सटकली.

आमच्या वडिलांनी बजाज चेतक बुक केलेली. त्या काळी स्कूटरला वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, लोक मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नासाठी बुकिंग करून ठेवायचे. पण पैसे भरले की पावती मिळायची आणि पावतीवर नंबर असायचा. वडील एजन्सीत जाऊन विचारायचे, कितव्या नंबरापर्यंत आलंय, आणि समोरचा सांगायचा. थांबायला आमची ना नाहीच, कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या रश्श्यासाठी पण थांबायची सवय आहे. पण नंबरच नसलेल्या रांगेत माणसानं उभं राहायचं तरी कसं? पुढं सरकलो का मागं ढकलला गेलो, कळायला काही मार्गच नाही.

मग फॉर्म. नाव-पत्ता ठीक. व्यवसाय काय, कुठल्या निमित्तानं घेताय, सध्या कुठली घड्याळं आहेत, आमच्याकडून आधी काय घेतलंय. शेवटचा प्रश्न नीट वाचा, सगळी मेख तिथं आहे. कुणी तोंडानं म्हणत नाही की आधी दुसरं काहीतरी घ्या. ते म्हणतात, "मॅडमसाठी काही बघायचंय का? डायमंडमध्ये सुंदर पीस आलेत." मी म्हटलं, मॅडमचं सोनं गुजरीत, आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात होतं, आमच्या आजीपासून एकच पेढी. पोरगा हसला, बायकोनं मला कोपरानं ढोसलं, विषय संपला. नंतर दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा न खपणारं एक लेडीज घड्याळ पुढं केलं, तिसऱ्या वेळी कफलिंक. कफलिंक! मी बाह्या दुमडून फिरणारा माणूस.

हे सगळं सहन केलं असतं. पण दिवाळीनंतर गेलो तर तो पोरगाच नाही. नोकरी सोडून गेला म्हणे. नवीन मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, परत बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचं नाव सिस्टीममध्ये दिसत नाहीये." मी म्हटलं असं कसं, माझ्यासमोर टाइप केलेलं. "त्यांनी त्यांच्या डायरीत लिहिलं असेल सर. आपण फ्रेश रजिस्टर करूया का?" फ्रेश! म्हणजे तेवढे सगळे महिने, रात्ररात्र महालक्ष्मी एक्सप्रेसचे रिटर्न, सगळं पाण्यात. मॅनेजरला भेटलो, तो इतका गोड बोलला की बाहेर आल्यावर कळलं त्यानं एकही वाक्य कामाचं बोललेलं नाही. गुजरीतला शेठ निदान तोंडावर सांगतो, "नाही जमणार, दुसरीकडं बघ." हे लोक 'नाही' म्हणतच नाहीत, हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा आहे माझ्या लेखी.

म्हणून, तुम्ही कुणी नाव लिहायला जाणार असाल तर तिथल्या तिथं नाव नोंदवल्याचा ईमेल मागा. सेल्समनच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका, ईमेल दुकानाच्या आयडीवरून पाहिजे, त्यात मॉडेल आणि तारीख पाहिजे. देत नसतील तर स्वतः पाठवा आणि 'मिळाला' असं उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका.

एवढं का ताणतात याचा शोध मी रागारागात घेतला. कंपनी आकडा जाहीर करत नाही, पण जाणकारांचा अंदाज वर्षाला दहा लाखांच्या वर घड्याळं बनतात असा आहे. म्हणजे माल कमी नाही, पण ती अख्ख्या जगात वाटायची, आणि सगळ्यांना स्टीलची सबमरीनर, जीएमटी आणि डेटोना ही रोलेक्सची मॉडेलंच पाहिजेत. कुठल्या दुकानाला काय पाठवायचं ते कंपनी ठरवते, आलेलं कुणाला द्यायचं ते दुकान ठरवतं. घेऊन लगेच बाहेर विकलं तर जास्त भाव मिळतो म्हटल्यावर दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला देणार हे उघड आहे. कंपनी शेअर बाजारात नाही, संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी १९४५ मध्ये केलेल्या फाउंडेशनच्या मालकीची आहे, त्यामुळे दर तिमाहीला विक्री वाढवून दाखवा म्हणून मागं लागणारं कुणी नाही. स्वित्झर्लंडमध्ये बुल इथं मोठा कारखाना बांधतायत, तो २०२९ ला सुरू होणार असं सांगतात. तोपर्यंत मला दम नव्हता.

ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत दुकानाबाहेर घ्यायचा विचार केला होता. २०२२ च्या सुरुवातीला तिथले भाव आभाळाला टेकलेले, मग बऱ्यापैकी उतरले, पण हे मॉडेल तरी छापील किमतीच्या वरच. ज्याला घाई आहे त्यानं घ्यावं, माझा विरोध नाही. माझ्यात मात्र जिद्द पेटलेली, एमआरपीच्या वर रुपया द्यायचा नाही. आत्तेभाऊ दुबईला असतो, तो म्हणाला मी बघतो. तिथं पण तेच, ओळखीच्या गिऱ्हाइकाला आधी. आणि मिळालं असतं तरी विमानतळावर ड्यूटी भरायची होती. 'हातात घालून ये, कोण विचारतंय' असले सल्ले देणारे ड्यूटी आणि दंड भरायला येत नाहीत.

मग दुसऱ्या शहरातलं दुसरं दुकान. इथं मी मुद्दाम मंगळवारी दुपारी गेलो, शनिवार-रविवारी कुणाला बोलायला वेळ नसतो. चाळिशीचा एक माणूस होता, घड्याळात खरा रस असलेला. त्याला मी एकच सांगितलं: एकच मॉडेल पाहिजे, दुसरं दाखवू नका, दुसरं काही घेणार नाही, विकणार नाही, रोज कारखान्यात घालणार. मग ९०४ एल वर बोलणं निघालं, त्याला माझी इन्सर्टची गोष्ट सांगितली, तो मनापासून हसला. पाच मॉडेल लिहून देऊ नका, एकच लिहा, त्यानं फरक पडतो असं माझं ठाम मत झालंय. ईमेल तिथंच घेतला. अधूनमधून मेसेज करायचो, सणाला शुभेच्छा, बास. कफलिंकचं नाव कुणी काढलं नाही.

फोन आला तेव्हा मी शिरोलीला होतो, एमआयडीसीत, प्रेसचा आवाज इतका की पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही. "सर, तुमचा पीस आलाय, उद्या संध्याकाळपर्यंत होल्ड करतो." म्हणजे इतके महिने यांना घाई नव्हती, आता मला एक दिवस! पैसे एफडीत अडकवून ठेवू नका, कधीही आरटीजीएस करता येईल असे ठेवा. दोन लाख आणि त्यावरचा व्यवहार रोखीनं २०१७ पासून कायद्यानंच बंद आहे, त्यामुळे बॅगेत नोटा घेऊन जायचा प्रश्नच नाही. बिल पॅनकार्डावरच्याच नावानं होतं.

दुकानात मी खिशातून माझी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, काढली. तो माणूस काही बोलला नाही, दिवा जवळ सरकवला. डायलच्या भोवती आतल्या कडेवर रोलेक्स रोलेक्स असं गोल कोरलेलं असतं, सहाच्या खाली सिरियल नंबर. तो वॉरंटी कार्डावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून बघितला. मग कड्या काढायचं काम. पट्ट्याला पिना नसतात, स्क्रू असतात, केसाएवढ्या आट्यांचे. त्यानं पातळ स्क्रूड्रायव्हर लावला, दोन कड्या काढल्या, आणि स्क्रूच्या डोक्यावर एक ओरखडा नाही. आमच्या पोरांना दाखवायला पाहिजे होतं. काढलेल्या कड्या मागून घ्या, आठवणीनं, माणूस आनंदात विसरतो.

छापील किंमत दिली, वर एक पैसा नाही. बाहेर येऊन पहिला फोन बायकोला आणि दुसरा, खोटं कशाला बोलू, पहिल्या दुकानाच्या त्या मॅडमना. "माझं नाव काढून टाका तुमच्या सिस्टीममधून." त्या म्हणाल्या, "सर, एक मिनिट हं, बघते... तुमचं नाव दिसत नाहीये."

एक राहिलंच. किंमत दहा लाखांच्या वर जात असेल तर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदार बिलातच वसूल करून सरकारला भरतो तो कर, लागतो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त सीएला बिल नेऊन द्या. आमच्या सीएनं बिल बघितलं, मनगट बघितलं, आणि विचारलं, "माझं पण नाव लावता येईल का कुठं?"