दाराचे माप

खुर्ची माळ्यावर चढवून ठेवलेली पाहिली तेव्हा मला प्रथम राग आला, हे कबूल करूनच पुढचे लिहिते.

ज्या चार वर्षांच्या मुलीसाठी ती केली होती, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. हालचालींच्या क्षमतेनुसार मुलांची विभागणी करणाऱ्या जीएमएफसीएस या वर्गीकरणातील पाच स्तरांपैकी ती पाचव्यात मोडते, म्हणजे तिला मानही नीट सावरता येत नाही. तिला आडवे ठेवून भरवले जात होते आणि दर दोन-तीन घासांनी ठसका लागत होता. डोके मागे कलले की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, आणि अशा मुलांना वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचे ते एक मोठे कारण असते. म्हणून वस्तीवरच्या पहिल्या भेटीत मी व्यायामांपेक्षा बसण्याच्या सोयीला प्राधान्य दिले.

खुर्ची मी स्वतः केली होती. टाकाऊ पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवत, त्यांवर कागदाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावत, प्रत्येक थर पूर्ण वाळू देत ती घडवावी लागते. घाई केली तर आत ओल राहते आणि बैठक दबते. बैठकीची लांबी ठरवताना नितंबांच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंतच्या मापातून दोन बोटे वजा केली, कारण ती जास्त झाली तर मूल पुढे घसरते आणि पाठीला बाक येतो. मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून मध्ये खुंटी, पावलांखाली पाट, आणि कंबरपट्टा बैठकीशी ४५ अंशांत. या पट्ट्याचा कोन चुकवणारे कितीतरी सहकारी मी पाहिले आहेत. पोटावरून आडवा आवळलेला पट्टा मुलाला सावरत नाही, नुसता टोचतो.

सहा आठवड्यांनी गेले तेव्हा मुलगी बाहेर चटईवर पडून होती.

“आजी, खुर्ची वापरत नाही का?”

“खुर्ची चांगलीच आहे, ताई. पण ती दारातून निघत नाही. मी दिवसभर बाहेर कामात. आत एकटीला बसवली की रडते, आणि रडली की अंग आणखी ताठ करते. इथं मी दिसते, म्हणून गप्प असते.”

मी टेप लावून पाहिली. बाजूचे भाग आत नेऊन जोडले असल्यामुळे आणताना अडचण कळली नव्हती. जोडलेली खुर्ची दारापेक्षा तीन बोटे रुंद होती. मुलीची इतकी मापे मी घेतली होती, दाराचे घेतले नव्हते. आमच्या नोंदपत्रकात ‘साधन दिले’ असा रकाना आहे आणि त्यात मी ‘होय’ लिहिले होते. साधन वापरात आहे का, यासाठी रकानाच नाही. अशा वेळी आम्ही ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेरा मारतो. मीही पूर्वी मारला आहे.

त्या दिवशी आजींच्या संमतीने बाहेरच भिंतीलगत पावलांसाठी खड्डा खणला. मुलीला काठावर बसवले, पाठ भिंतीला टेकवली, मांड्यांमध्ये घट्ट गुंडाळलेले कापड ठेवले आणि खड्ड्याचा तळ सपाट करून पावले पूर्ण टेकवली. आजी समोर जमिनीवर बसल्या की दोघींचे चेहरे एका पातळीवर येत, त्यामुळे भरवताना मुलीची मान वर होत नव्हती. पूर्ण जेवणात ठसका दोनदाच लागला. पावसात तिथे पाणी साचेल, हे आजींनीच सांगितले. तोवर खुर्ची अरुंद आणि हलकी करून देण्याचे मी मान्य केले आहे.

मात्र उजवी मांडी डावीपेक्षा कमी उघडते, ही चिंता खड्ड्याने मिटत नाही. पाचव्या स्तरातील दर दहा मुलांपैकी सुमारे नऊ जणांचा खुब्याचा सांधा जागेवरून सरकत असल्याचे अभ्यासांत आढळले आहे, आणि तो किती सरकला हे हाताने तपासून कळत नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो. एक्स-रेचे केंद्र दूर आहे, मुलीला इतका वेळ धरून बसायला दुसरे कोणी नाही, आणि त्यासाठी पहिल्या भेटीत दिलेली चिठ्ठी आजींनी अजून जपून ठेवली आहे. “ते यंत्र इकडं आणता येत नाही का?” असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले आणि चिठ्ठीवरची तारीख बदलून दिली.