कॉन्ट्रॅक्ट मॅरेज आणि आमच्या घरचे पाहुणे

कोरियन रोमान्स वेबटून, म्हणजे मोबाईलवरच्या चित्रकथा, वाचते म्हटलं की कोणी ना कोणी विचारतेच, मग हिरो कोणता आवडते वो तुले? खरं सांगू का, हिरोशी मले काही घेणंदेणं नाही. रोमान्स फँटसीतला हिरो ठरलेलाच असते, काळे केस, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखाचा ग्रँड ड्यूक म्हणजे मोठा सरदार, तलवारीत एक नंबर आणि तोंडातून शब्द निघायची मारामार. मी वाचते ते कॉन्ट्रॅक्ट मॅरेजच्या सीनसाठी. पोरगी स्वतःच्या पायानं त्याच्या वाड्यावर जाते, समोर बसते आणि सरळ सांगते की माझ्याशी लग्न कर, तुझा फायदा हा, माझा हा, इतके दिवस राहू मग घटस्फोट, आणि ह्या माझ्या अटी. कागदावर लिहून! ड्यूक गप वाचत बसते आणि ती आरामात चहा पिते. त्या सीनले माझ्या अंगावर काटा येते, किसच्या सीनले नाही येत.

कारण आमच्याकडे सध्या पाहुणे येणं चालू आहे. गाव दिग्रसकडचं, घरी कापूस आणि तूर. पाहुणे आले की पोहे, चहा, मग मी समोर जाऊन बसायचं आणि प्रश्न चालू, नाव काय, शिक्षण किती, शेतात जाता का. शेवटी कोणीतरी काका म्हणतेच, काही विचारायचं असंल तर विचारून घ्या, पण ते मुलाकडं पाहून. आता मुलाकडचेच वाईट असंही नाही म्हणून राहिली मी. माझा मोठा भाऊ तिशी पार करून बसला, बीए झाला, शेती करते, त्याले पोरगी मिळून नाही राहिली, कारण पोरीकडच्यांना शेती पाह्यजे पण जावई मात्र नोकरीवरच पाह्यजे. तो रात्री थ्री फेज आली की हरभऱ्याले पाणी द्यायले जाते आणि मी तो येईपर्यंत जागी राहून वाचते, दादाचा फोन येईपर्यंत माझा ड्यूक.

वेबटून वरून खाली वाचायचं असते. कोरियात आधीच्या पोरी रोमान्स कॉमिक्स मासिकांत आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांत वाचायच्या, मग २००३ मध्ये कांग फुल नावाच्या चित्रकथाकारानं इंटरनेटवर एक लांबलचक प्रेमकथा टाकली ती हिट झाली, आणि २००४ मध्ये नेव्हर ह्या तिथल्या इंटरनेट कंपनीनं वेबटून चालू केलं. दोन चित्रांच्या मधात नुसती पांढरी जागा सोडतात, अंगठा सरकवत राहायचं, तेवढ्यात धडधड वाढते. आमच्याकडे ती जागा लेखिकेनं सोडली की टॉवरनं हेच कळत नाही कधी कधी. २०१४ पासून काकाओ ह्या तिथल्याच दुसऱ्या कंपनीनं वेगळी आयडिया काढली, एक भाग वाचला की ठरलेला वेळ थांबा, पुढचा फुकट, घाई असंल तर पैसे भरा. कापसाचा भाव वाढंल म्हणून घरात गंजी लावून वाट पाहणाऱ्यांना एक दिवस थांबणं म्हणजे काय!

गंमत पाहा, जिथं ह्या लग्नाच्या गोष्टी बनतात तिथल्याच कितीतरी पोरी लग्नाले नाही म्हणून राहिल्या. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ होता, म्हणजे बाईमागं एक लेकरूही नाही. सेऊलमधलं घर परवडत नाही, नोकरीचे तास लांब, आणि चुसोकचा सण आला की सुनांनी सासरच्या पूर्वजांच्या पूजेचा स्वयंपाक करत उभं राहायचं. हे वाचलं तेव्हा मले आमच्याकडच्या महालक्ष्म्या आठवल्या, सोळा भाज्या आणि सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाया. म्हणून मले वाटते की तो अटींचा कागद तिथंही पोरींना गोड लागत असंल.

दुसरा आवडता प्रकार म्हणजे नायिका मरते आणि दहा वर्षं मागं जागी होते, पुढचं सारं माहीत असते तिले. तुरीच्या शेंगा सोलता सोलता आईले ही स्टोरी सांगितली आणि विचारलं, तू कोणत्या वर्षात जाशील?

"दहावीच्या."

"मंग लग्न?"

"लग्न तुया बापाशीच केलं असतं वो. पण परीक्षा झाल्यावर. पेपराच्या आधी नाही."

बाबा तिथंच होते, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी पुसदकडचे येऊन राहिले. मी दोन प्रश्न काढून ठेवलेत, बीएड करू देणार का आणि माझ्या पगाराचं खातं कोणाच्या हातात राहील. दादा म्हणे, "इचार तू, मी बाजूलेच बसतो." कागदावर नाही लिहिले, एवढी हिंमत अजून नाही.

आणि एक, कोणाजवळ अशी पूर्ण झालेली सिरीज असंल ज्यात नायिका शेवटी खरंच घटस्फोट घेऊन आपले पैशे घेऊन निघून जाते, तर नाव सांगा. दरवेळी शेवटी ड्यूकवर प्रेम बसते तिचं, कंटाळली मी.