दहा डॉलरचं खोकं आणि मॅक ॲलन

ओहायोत एका एस्टेट सेलमधून, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथून, दहा डॉलरला जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डचं खोकं उचललं. चाळीसेक तबकड्या असतील. व्हिक्टर, कोलंबिया अशा बड्या कंपन्यांचं काही सापडेल म्हणून उलटसुलट केल्या, तर हाती आलं ते डिव्हा, ओरिओल, रोमिओ, बॅनर. एकाही नावाचा पत्ता नव्हता. ह्या कोण कंपन्या, एवढंच बघायचं होतं. त्यात अख्खा हिवाळा गेला.

पहिल्याच दिवशी घोळ घातला. घरात होतं ते रबिंग अल्कोहोल कापसावर घेतलं आणि एक तबकडी पुसली. कापूस काळाकुट्ट झाला. मला वाटलं, काय मळ होता! मळ कसला, तबकडीच निघत होती. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि ह्या तबकड्या लाखेच्या. (ही लाख तेव्हा बहुतेक हिंदुस्थानातूनच जायची. म्हणजे आपलाच माल मी पुसून टाकत होतो.) तिथली चकाकी कायमची गेली. नंतर पाणी, दोन थेंब भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश, आणि लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, एवढ्यावरच आलो. नंतरच्या एलपी रेकॉर्डची सुईही चालत नाही. ह्या तबकड्यांची खाच रुंद असते, तिला साधारण तीन हजारांश इंचाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते.

मग शोध. दोन आठवडे लेबलवरचा नंबर टाकून शोधत बसलो आणि काहीच जुळेना. तो कॅटलॉग नंबर, दुकानदाराच्या सोयीचा. खरा नंबर लेबलच्या भोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात उमटवलेला असतो, कधी लेबलच्या कागदाखाली दबलेला. टॉर्च आडवा धरला की सावलीत अक्षरं उठतात. हा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा नंबर. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डिस्कोग्राफीत, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगच्या यादीत, तो फुकट शोधता येतो. तिथे गुंता सुटायला लागला.

ह्या मुळात कंपन्या नव्हत्याच, बहुतेक दुकानांची लेबलं होती. रोमिओ क्रेस नावाच्या साखळी दुकानांसाठी, ओरिओल मॅक्रोरीसाठी, डिव्हा डब्ल्यू. टी. ग्रँटसाठी. सिअर्सची तर सिल्व्हरटोन, चॅलेंज, कॉन्करर अशी एकामागून एक नावं. व्हिक्टरची दहा इंची रेकॉर्ड 75 सेंटला असताना रोमिओ, ओरिओल 25 सेंटला मिळायच्या, पिना-बटणांच्या शेजारी. दुकानाकडे स्टुडिओ नाही, कारखाना नाही; तयार रेकॉर्डिंगवर आपलं लेबल चिकटवून घ्यायचं. प्लाझा नावाच्या कंपनीचं एकच रेकॉर्डिंग बॅनर, डोमिनो, ओरिओल अशा तीन-तीन झग्यांत फिरायचं. 1929 मध्ये प्लाझा, कॅमिओ आणि पाथेचा अमेरिकन धंदा एकत्र येऊन अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशन झाली, तेव्हा तर हे सगळे झगे एकाच कपाटात आले.

माझ्या डिव्हावर गायक आहे मॅक ॲलन. आवाज ओळखीचा वाटत होता. मॅट्रिक्स नंबर टाकला तर निघाला व्हर्नन डालहार्ट, 1924 मध्ये व्हिक्टरवर तुफान गाजलेला. त्याने शंभराहून जास्त टोपणनावांनी गाऊन ठेवलंय. पलीकडच्या दुकानात हाच माणूस वेगळ्या नावाने विकला जात असेल, तर गिऱ्हाइकाला कळायची गरज काय? डिव्हा मुळात कोलंबियाची. माझ्या लेबलवर मात्र कोलंबियाचा उल्लेख शोधून सापडत नाही. गंमत अशी, की 1925 मध्ये विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं तरी कोलंबियाने हार्मनी, व्हेल्व्हेट टोन आणि डिव्हा ह्या स्वस्त मालासाठी जुनं कर्ण्यात गायचं तंत्र 1930 च्या आसपासपर्यंत चालू ठेवलं. जुनं यंत्र होतंच, वाया कशाला घालवा! म्हणून माझी डिव्हा जरा डब्यातून गायल्यासारखी वाजते. मला ती तशीच आवडते.

खोक्याच्या तळाशी तपकिरी पुठ्ठ्यासारखी एक वळलेली चकती होती, फेकणारच होतो. ती निघाली ‘हिट ऑफ द वीक’. कागदावर ड्युरियम नावाच्या रेझिनचा (कृत्रिम राळेचा) थर, एकाच बाजूला गाणं, 1930 ते 32 दरम्यान वर्तमानपत्राच्या स्टॉलवर 15 सेंटला. दर आठवड्याला नवी. ती एवढी वळते की मध्यावर एक नाणं ठेवल्याशिवाय सुई टिकत नाही.

चाळीसपैकी तीन तबकड्यांचे गायक अजून सापडले नाहीत. बाकीच्या मी कपाटात लावल्यात, पण गायकाप्रमाणे नाही. वरच्या फळीवर क्रेस, मधल्या फळीवर मॅक्रोरी, खाली ग्रँट. बायकोला डालहार्ट हवा असला तर तिला आधी मलाच हाक मारावी लागते. ‘हिट ऑफ द वीक’ सपाट व्हावी म्हणून शब्दकोशाखाली दाबून ठेवलीय. महिना झाला, अजून वळतेच आहे.