टपालवाल्याची चाल

१९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्याजवळ गहुंज्यात भारत-बांगलादेश सामना होता, विश्वचषकातला. पुढे कोहलीचं शतक झालं आणि त्या दिवसाच्या सगळ्या गप्पा तिकडेच गेल्या. मला मात्र त्या सामन्यात खरा रस होता तो नाणेफेकीनंतरच्या पाच मिनिटांत. दोन संघ ओळीने उभे, दोन देशांची राष्ट्रगीतं, आणि दोन्हींचा कवी एकच, रवींद्रनाथ टागोर. असं जगात फार वेळा होत नाही.

आपलं राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत, ताठ मानेनं संपतं. त्यांचं तसं नाही. ‘आमार शोनार बांग्ला, आमि तोमाय भालोबाशि’ ही पहिलीच ओळ बघा. माझ्या सोन्याच्या बंगाला, माझं तुझ्यावर प्रेम आहे. एवढं सरळ. पुढे जयजयकार नाही, तलवार नाही, शत्रू तर औषधालाही नाही. फाल्गुनात आमराईचा वास वेड लावतो, मार्गशीर्षात भरल्या शेतात आई गोड हसते, वडाखाली आणि नदीकाठी तिने आपला पदर अंथरलाय. आणि शेवट? आई, तुझा चेहरा कोमेजला की मी आसवांत बुडून जातो. रडून संपणारं राष्ट्रगीत! त्यावर कवायत करायची म्हटली तर पावलं अडखळतील. मला ते फार आवडतं.

गाणं १९०५ चं. कर्झनने बंगालचे दोन तुकडे करायचं ठरवलं, कारभाराची सोय म्हणून. १६ ऑक्टोबरला फाळणी अमलात आली आणि त्या दिवशी रवींद्रनाथ कलकत्त्याच्या रस्त्यांवर लोकांना राख्या बांधत फिरले. (आपल्याकडे त्याच महिन्यात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली.) त्याच्या थोडं आधी, सप्टेंबरात, ‘बंगदर्शन’ मासिकात हे गाणं छापून आलं होतं. मासिकाचे संपादक तेव्हा रवींद्रनाथच.

फाळणी रद्द झाल्याची घोषणा दिल्ली दरबारात १२ डिसेंबर १९११ ला झाली आणि त्यानंतर पंधराच दिवसांनी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ‘जन गण मन’ पहिल्यांदा गायलं गेलं. म्हणजे एक राष्ट्रगीत त्या फाळणीच्या तोंडाशी जन्मलं, दुसरं तिच्या शेवटाशी. तेव्हा ती राष्ट्रगीतं होतील असं कुणाच्या स्वप्नातही नसणार.

पण मला खरं सांगायचंय ते चालीबद्दल. शब्द रवींद्रनाथांचे, चाल मुळात त्यांची नाही. ती गगन हरकरा नावाच्या माणसाच्या गाण्याची. हा शिलाइदहचा टपालवाला. पद्मेकाठच्या या गावात ठाकुरांची, म्हणजे टागोर घराण्याची, जमीनदारी होती आणि ती बघायला रवींद्रनाथ तिथे वर्षानुवर्षं राहिले. हिशेबाच्या वह्यांपेक्षा त्यांचं लक्ष बाऊल गायकांकडे, म्हणजे बंगालच्या भटक्या भक्त-गायकांकडे, जास्त असावं, असा माझा संशय आहे. जमीनदार म्हणून ते कसे होते यावर बंगालीत भरपूर लिहिलं गेलंय. श्रोता म्हणून ते अव्वल होते यात शंका नाही.

गगनचं गाणं असं: ‘आमि कोथाय पाबो तारे, आमार मोनेर मानुष जे रे’. माझ्या मनातला तो माणूस मला कुठे सापडेल? बाऊलांचा हा ‘मनातला माणूस’ म्हणजे आतच दडलेला, आणि म्हणूनच हाती न लागणारा देव. पुढची ओळ म्हणते, तो हरवला, म्हणून त्याच्या शोधात मी देशोदेशी भटकतोय. गंमत इथे आहे. ज्या चालीवर एक माणूस कुठल्याच देशात मन रमत नाही म्हणून हिंडत होता, त्याच चालीवर रवींद्रनाथांनी एका देशाला ‘आई’ म्हणून हाक मारली. चालीतली हुरहूर तशीच राहिली. ‘शोनार बांग्ला’ ऐकताना आनंदाच्या शब्दांमागेही काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, ते बहुतेक गगनचं.

रवींद्रनाथांनी त्याचं ऋण लपवलं नाही. बाऊलांवरच्या एका इंग्रजी निबंधात त्यांनी गगनचं नाव घेतलंय, तो जवळजवळ निरक्षर होता असं म्हटलंय, आणि त्याचा पगारही सांगितलाय: महिना सुमारे दहा शिलिंग. वाचक इंग्रज, म्हणून रुपयांचे शिलिंग केले असावेत. रवींद्रनाथांची भाची सरलादेवी हिनेही गगनवर ‘भारती’ मासिकात लिहिलं. तरी आज राष्ट्रगीताखाली नाव एकट्या रवींद्रनाथांचं असतं. जो लिहितो त्याचं नाव राहतं, हा कागदाचा जुनाच नियम.

फाळणी टळली, मग १९४७ ला दुसरी झालीच. शिलाइदह पूर्व पाकिस्तानात गेलं आणि रवींद्रनाथ तिथल्या सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले. १९६७ मध्ये रेडिओवरून त्यांची गाणी कमी करायचा फतवा निघाला. गाणं बंद करा म्हटलं की लोक ते जास्त गातात, हे सरकारांच्या कधी लक्षात येत नाही. मार्च १९७१ मध्ये ढाक्याच्या पलटण मैदानावर विद्यार्थ्यांच्या जाहीरनाम्यात ‘शोनार बांग्ला’ राष्ट्रगीत म्हणून आलं, १७ एप्रिलला मेहेरपूरच्या आमराईत बांगलादेशच्या हंगामी सरकारने शपथ घेतली तेव्हा ते गायलं गेलं. गाण्यातली आमराई अशी प्रत्यक्षात भेटली. १३ जानेवारी १९७२ ला मंत्रिमंडळाने पहिल्या दहा ओळी राष्ट्रगीत म्हणून स्वीकारल्या.

दहाच. त्यामुळे गाण्याचा शेवट बाहेर राहिला, जिथे १९०५ सालचं राजकारण उघडपणे येतं: परक्याच्या घरून तुझे दागिने म्हणून गळफास आता विकत घेणार नाही. ही स्वदेशीची शपथ. ती गळली आणि उरली आमराई, शेतं, नदी आणि आसवं. मला ही काटछाट बरी वाटते. शपथा त्या-त्या सालापुरत्या असतात, मोहर दरवर्षी येतो.

अलीकडे, २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता पालटल्यावर, हे गीतच बदलावं अशी मागणी पुढे आली. त्यावर सप्टेंबरात लोक रस्त्यावर उतरून ते मोठ्याने गायले. गाणं टिकलं.

चालीचं मात्र एक राहिलंच. बांगलादेशात जी चाल रूढ झाली ती छापील स्वरलिपीशी तंतोतंत जुळत नाही. ती रवींद्रसंगीताच्या गायिका सुचित्रा मित्र यांच्या १९४८ च्या रेकॉर्डच्या वळणाने जाते. जाणकार वाद घालू लागले. पण १९७१ च्या मुक्तियुद्धात लोकांच्या तोंडी हीच वळणं होती, म्हणून तीच कायम झाली. वहीत डोकं घालून बसणाऱ्यांना हे पटणं अवघड आहे. मी मात्र लोकांच्या बाजूने आहे. गगनने तरी ती चाल कुठल्या वहीत लिहून ठेवली होती?