चोर बाजारातला ‘रेडिओवाला माल’

रेकॉर्ड जमवणाऱ्या मंडळींनी छातीठोकपणे सांगितलं होतं, “शुक्रवारी पहाटे मुंबईच्या चोर बाजारात जा, प्रमो कॉप्या मिळतात.” काही मिळत नाही. पुण्याहून रात्रीची बस, दादरहून पहिली लोकल, ग्रँट रोडवरून चालत भेंडी बाजार, एवढी यातायात करून तिथल्या शुक्रवारच्या, म्हणजे जुमा बाजारात दिसतं काय, तर चार्जरच्या वायरी, मिक्सरची भांडी आणि एकावर एक आडव्या रचलेल्या, कव्हर नसलेल्या रेकॉर्डी. खालच्या वाकलेल्याच. अंधारात बुरशी कुठली आणि धूळ कुठली हेही कळत नाही. त्यात चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवरची पक्की दुकानं नेमकी शुक्रवारी बंद! शनिवारी अकरानंतर झोप काढून जा.

आता मुद्द्याचं. प्रमो म्हणजे रेडिओ केंद्रांना, विक्रेत्यांना, समीक्षकांना फुकट वाटलेल्या प्रती. त्यांच्यावर ‘नॉट फॉर सेल’ छापलेलं असतं किंवा शिक्का असतो. संख्या कमी, म्हणून भाव जास्त. आणि शिक्का काय, कोणीही बनवून घेतो.

शनिवारी एका दुकानदाराने फडक्यात गुंडाळलेली एचएमव्ही कंपनीच्या ईसीएलपी मालिकेतली एक सिनेमाची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, काढली. “सेठ, रेडिओवाला माल है, साडेचार हजार.” साधी प्रत त्याच गल्लीत सहाशेला होती. तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर जांभळा, गोल शिक्का. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहिलं. मधल्या भोकाभोवती, रेकॉर्ड बसवताना प्लेअरची दांडी घासून पडतात तशा बारीक रेषा होत्या, म्हणजे भरपूर वाजलेली. शिक्का वाजण्याआधी मारलेला असता तर त्या रेषांनी शाई खरवडली असती. इथे शाई रेषांच्या आत उतरली होती. ओलं बोट फिरवलं तर जांभळं झालं. बोट त्याच्यापुढे धरलं, तर म्हणतो, “दमट हवा है.” साडेचारचे दोन हजार झाले, मग बाराशे. मी उठलो. खरी प्रमो असती तर तो असा घसरला असता का?

तेव्हा शिक्क्याला एक रुपयाही जास्त देऊ नका. लेबलवरच छापलेलं असेल तरच बोलणी करा. कव्हरवरचा आणि लेबलवरचा नंबर, दोन्ही जुळवा. नंबराची सुरुवात कंपनीची मालिका सांगते: एचएमव्हीची ईसीएलपी, ओडियनची एमओसीई, पॉलिडॉरची २३९२. मालिका कोणतीही असो, कव्हर एकीचं आणि तबकडी दुसरीची हा प्रकार सर्रास चालतो. दुकानदार फोनवर परदेशी साइटचा आकडा दाखवतो तो कोणीतरी मागितलेला भाव असतो, विकलेला नव्हे. त्याला विक्रीचा इतिहास उघडायला सांगा, गप्प बसतो.

दुसरा सापळा बीटल्सचा. १९६० च्या दशकात त्यांची गाणी भारतात लाखेच्या ७८ आरपीएम तबकड्यांवर निघाली होती, तीही पार्लोफोन या कंपनी-नावाच्या लेबलवर. जगभरचे संग्राहक त्यांच्यामागे असतात. त्यामुळे पार्लोफोनचं लेबल दिसलं की कोणाचंही गाणं असो, भाव बीटल्सचा. मला एका नृत्यसंगीताच्या, कडेला तडा गेलेल्या तबकडीचे आठ हजार सांगितले. लाखेच्या तबकडीचा तडा सुईला दर फेरीत ठोकतो, ती घ्यायचीच नाही. धड मिळाली तरी एलपीच्या सुईवर वाजवू नका. खाचा रुंद असतात, वेगळी जाड सुई लागते.

रविवार फोर्टात ओळखीच्यांकडे बरा गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाठ दुखत असल्याने कदाचित तिरकसपणे लिहितोय, पण माझं मत पक्कं आहे. गाण्यांसाठी चोर बाजार उत्तम, घासाघीस केली तर चारशे-पाचशेत चांगली मराठी ईपी (छोटी तबकडी) आणि एलपी मिळते. प्रमोसाठी भंगारात काढलेली ग्रंथालयं आणि जुन्या रेकॉर्ड विक्रेत्यांची घरं गाठा. परतीला डेक्कन क्वीन धरा, रेकॉर्डी मांडीवर उभ्या ठेवा. टॅक्सीच्या डिकीत उन्हात टाकल्यात तर पुण्यात रेकॉर्डी नाही, वाकलेल्या थाळ्या उतरवाल.